किलोभर मीठ किती दिवस पुरतं?

प्रश्न : आमच्या मामंजींचं वय ६८. सहा महिन्यांपूर्वी पहाटे उठले तेव्हा उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं. अंगावरून वारं गेलं. माणूस पक्का माळकरी. विडी नाही, दारू नाही, मटण-मासळी नाही, रोज शेतावर पायी जाणं-येणं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘जेवणात लोणचं-पापड किती?’ आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मिठाचा आणि मेंदूचा संबंध काय?
– एक वाचक भगिनी, कराड तालुका

उत्तर : ‘वारं गेलं’ हा आपल्याकडचा शब्द फसवा आहे. ऐकून वाटतं, बाहेरून काही येऊन माणसाला शिवून गेलं. प्रत्यक्षात जे घडतं ते आत, आणि त्याची तयारी वर्षानुवर्षं चाललेली असते. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त पोचत नाही, किंवा नळी फुटून ते नको तिथे सांडतं. पहिला प्रकार जास्त आढळतो, दुसरा जास्त जिवावर बेततो. दोन्हींच्या मागे सर्वाधिक वेळा सापडणारा आरोपी एकच, वाढलेला रक्तदाब. तुमच्या डॉक्टरांनी लोणच्याची चौकशी करण्याआधी मामंजींचं बीपी पाहिलं असणार. त्यांनी खरं तर बीपीचाच पुढचा प्रश्न विचारला.

तुमच्या भागात ऊस ठिबकवर असतो, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. मेन लाइनमधून सबमेन, सबमेनमधून बारीक लॅटरल. दाब टप्प्याटप्प्याने उतरत जातो, म्हणून शेवटची बारीक नळी टिकते. कुणी उतावळ्याने लॅटरल थेट मेन लाइनला जोडली तर? मोटर सुरू केल्या केल्या नाही, पण चार-सहा दिवसांत कुठेतरी जोड उचकटणार. मेंदूच्या खोल भागात निसर्गाने नेमका हाच उतावळेपणा केला आहे. मेंदूच्या मोठ्या धमनीतून काही धमन्या जवळजवळ काटकोनात थेट फुटतात. त्यांची जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी. मधला टप्पाच नसल्यामुळे मोठ्या धमनीतला दाब जवळजवळ जसाच्या तसा त्यांच्यावर येतो. वर्षानुवर्षं तो दाब सोसून त्यांची भिंत जाड आणि कडक होते. मग आतली वाट अरुंद होऊन एक दिवस बुजते, नाहीतर भिंत एखाद्या ठिकाणी फुगून फुटते. आणि या धमन्या ज्या जागेला रक्त पुरवतात तिथे हातापायांना हुकूम नेणारे तंतू जुडीसारखे एकत्र बांधलेले असतात. त्यामुळे हरभऱ्याएवढा भाग निकामी झाला तरी अर्धं अंग पडू शकतं.

आता मीठ. भरपूर पापड-भजी खाल्लेल्या रात्री तांब्या उशाशी लागतो, हा सगळ्यांचाच अनुभव. रक्तातलं मीठ वाढलं की ते पातळ ठेवायला शरीर पाणी धरून ठेवतं. पाणी वाढलं की नळ्यांतला दाब वाढतो. जादा मीठ बाहेर टाकणं हे मूत्रपिंडांचं काम. तरुणपणी ती ते बिनबोभाट करतात. वय वाढतं तशी अनेकांची मूत्रपिंडं तेवढंच मीठ बाहेर टाकायला जास्त दाब मागू लागतात, आणि शरीर तो पुरवतं. दाब मग चढाच राहतो. चाळिशीत जे लोणचं पचलं, ते साठीत का बाधलं, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

यात दुखत काहीच नाही, ही खरी अडचण. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला चर्चिल आणि स्टालिन यांच्याबरोबर जगाची वाटणी करत बसले होते, तेव्हाही त्यांचा रक्तदाब भयंकर होता. १२ एप्रिलला डोकं दुखतंय म्हणाले आणि कोसळले. डॉक्टरांनी मोजलेला दाब होता ३०० वर १९०. त्यांच्यावर उपचार म्हणजे विश्रांती, हृदयाचं एक जुनं औषध आणि कमी मिठाचं जेवण, कारण रक्तदाबावर धड गोळीच तेव्हा नव्हती. आज ती गल्लीतल्या दुकानात मिळते, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरोघरी बंद केली जाते. तुमच्या पत्रात मामंजींच्या गोळीचा उल्लेख नाही. मला शंका आहे, एवढंच म्हणतो. वरचा दाब दहा अंकांनी जरी खाली आणला तरी स्ट्रोकचा धोका चतुर्थांशाहून थोडा जास्तच कमी होतो. जगभरच्या चाचण्या एकत्र करून काढलेला हा हिशेब आहे.

लोणच्याकडे वळू. यात आपल्याला गुरू भेटतो तो जपान. १९५१ ते १९८० अशी तीस वर्षं जपानमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात होतं. क्षयरोगाकडून त्याने ती जागा घेतली आणि १९८१ मध्ये कर्करोगाला दिली. सर्वांत वाईट अवस्था उत्तरेकडच्या अकिता प्रांताची. तिथला हिवाळा लांब, बर्फाचा. भाजी टिकवायची तर मिठात घालून. मासळी खारवलेली, सूप खारट, वर पोटभर भात. अकितातल्या शेतकऱ्याच्या पोटात त्या काळी रोज २५ ग्रॅमच्या आसपास मीठ जात होतं. माणसं पन्नाशीत आडवी होत, आणि गावाला ते नशीब वाटे. मग सरकार आणि डॉक्टर गावोगाव रक्तदाब मोजत फिरले, कमी मिठाचा स्वयंपाक शिकवला गेला, औषधं आली. आणि एक वस्तू कुणी आरोग्यासाठी म्हणून आणली नव्हती, पण तिनेही हातभार लावला. फ्रिज. भाजी ताजी राहू लागली तशी खारवायची गरज कमी झाली. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे फ्रिज आला, आणि आपण त्यात लोणच्याची बरणी ठेवली.

जपानची गोष्ट बऱ्याच बदलांची मिळून झालेली आहे. एकट्या मिठाचा हात किती, हे चीनमधल्या एका चाचणीने जास्त स्वच्छ दाखवलं. ६०० खेडी, सुमारे २१ हजार माणसं, बहुतेकांना आधी स्ट्रोक होऊन गेलेला किंवा वय साठीच्या पुढे आणि बीपी वाढलेलं. निम्म्या खेड्यांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना असं मीठ की ज्यात चौथा हिस्सा सोडियमऐवजी पोटॅशियमचा क्षार. बाकी जेवण, शेती, सवयी सगळं होतं तसंच. पाचएक वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. बदललेलं मीठ खाणाऱ्या खेड्यांत स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी. फक्त पुडी बदलून! असं मीठ आपल्याकडेही मिळतं. पण मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम रक्तात साठून हृदयाला धोका होतो. म्हणून मामंजींसाठी ते आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. ताज्या भाज्या, कडधान्यं, केळं, शहाळं यांतूनही पोटॅशियम मिळतंच, आणि ते मिठाच्या उलट बाजूने काम करतं. (विचारायची अट इथेही आहे, मूत्रपिंडं अधू असतील तर.)

आता तुमच्या घराचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे सपाट चमचाभर, तोही चहाचा. पण रोज मीठ तोलून कोण स्वयंपाक करणार? त्यापेक्षा पुडीवर तारीख घाला. चार माणसांचं घर, माणशी ५ ग्रॅम, दिवसाचे २० ग्रॅम. म्हणजे किलोची पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. तुमची जर महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलं. यात दुकानातलं फरसाण, वेफर, पाव, सॉस आणि हॉटेलातली मिसळ धरलेली नाही. लोणच्या-पापडाला घातलेलं मीठ मात्र धरायचं, वर्षावर वाटून.

युरोप-अमेरिकेत बहुतेक मीठ कारखान्यातल्या तयार अन्नातून पोटात जातं. आपलं अजून बरंचसं आपल्याच हाताने पडतं, आणि त्यातच आपली सोय आहे. भाकरीत बहुतेक घरी मीठ नसतं, पोळीच्या कणकेत असतं. ते का असतं, हे मी बऱ्याच जणींना विचारलं. ‘सवय’ याशिवाय उत्तर आलं नाही. भाताला घालायची गरज नाही, वर आमटी आहेच. खरा पसारा ताटाच्या डाव्या बाजूला. पान वाढायला घेतलं की आपण सगळ्यांत आधी मीठ वाढतो, मग लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. वरून पापड. तुमच्याकडे खर्डाही असणार. कोशिंबीर सोडली तर या बाजूचं काम एकच, जेवण पुढे ढकलणं. आमच्या आईच्या हातच्या खारातल्या मिरच्यांबद्दल मी याहून वाईट बोलणार नाही, पण त्या आता आमच्याकडे सणाला निघतात. जीभ कुरकुर करते ती काही आठवडे. नंतर जुनं जेवणच खारट लागू लागतं, हा मात्र अनुभव घेतल्याशिवाय पटत नाही.

माळकरी माणसाला हे कसं झालं, या तुमच्या न विचारलेल्या प्रश्नावरही दोन शब्द. हा शहरी, सुखवस्तू लोकांचा रोग आहे असं आपण धरून चालतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. न्यूमोनिया नाही, मलेरिया नाही, हृदयविकारही नाही. पहिलं कारण निघालं लकवा. दर सात मृत्यूंपैकी एक. आणि त्यांतले दहापैकी जवळजवळ नऊ जण घरीच गेले. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे यांच्या पुढाकाराने झालेला हा अभ्यास वाचल्यापासून ‘कष्टाचं शरीर आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य मी तोंडातून काढत नाही. कष्टाचा उपयोग होतोच. पण शेतावर चालणं बीपी मोजण्याची जागा घेत नाही.

प्रश्न : समुद्राच्या मिठाऐवजी सैंधव वापरलं तर बीपी वाढत नाही, असं सांगतात. खरं का?
– नाशिक

उत्तर : उपासाला चालतं म्हणून शेंदेलोणाला पुण्याई मिळाली आहे. रसायन पाहिलं तर तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग येतो तो त्यातल्या लोहासारख्या किरकोळ भेसळीमुळे. शिवाय आयोडीन मिळत नाही ते वेगळंच. काळं मीठ, सैंधव, खडेमीठ, सगळी एकाच कुटुंबातली भावंडं आहेत.

प्रश्न : मी जन्मापासून शाकाहारी. मला स्ट्रोकची भीती कमी, असं समजू ना?
– सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : समजू नका. ब्रिटनमध्ये सुमारे ४८ हजार माणसांवर १८ वर्षं नजर ठेवली गेली. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा शाकाहाऱ्यांना आनंद आणि धक्का एकदमच बसला. मांसाहाऱ्यांपेक्षा त्यांच्यात हृदयविकार २२ टक्के कमी, पण स्ट्रोक २० टक्के जास्त, विशेषतः मेंदूत रक्तस्राव होणारा. घाबरून लगेच मटणाच्या दुकानात जाऊ नका. हा फरक दहा वर्षांत हजार माणसांमागे तीनच स्ट्रोकचा आहे. आणि अशा निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही, ब्रिटिश शाकाहारी आणि आपला शाकाहारी यांचं ताटही वेगळं.

पण कारणांची जी चर्चा झाली त्यातला एक धागा थेट तुमच्या गावात येतो. जीवनसत्त्व बी-१२. ते वनस्पतींत नसतं. ते कमी पडलं की होमोसिस्टीन नावाचं द्रव्य रक्तात वाढतं, आणि ते वाढलेल्यांमध्ये स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. तब्बल ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं. रोज दूध-दही घेत असाल तर थोडा आधार असतो. तरीही एकदा तपासून घ्या, कमी असेल तर गोळी स्वस्त आहे.

आणि शाकाहार या शब्दात फार गोष्टी लपतात. बटाटेवडा शाकाहारी आहे. साबुदाण्याचा वडा तर उपासालाही चालतो.

प्रश्न : घड्याळात रोज दहा हजार पावलं पूर्ण करतो. मग संध्याकाळची भेळ माफ ना?
– हिंजवडी

उत्तर : दहा हजार हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ अशा अर्थाचं होतं. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चाललात तर पुरे. चालण्याने रक्तदाब, साखर, वजन तिन्ही खाली येतात. पण चालणं ही काही तुमच्या नावावर जमा होणारी आणि भेळेच्या गाडीवर खर्चता येणारी रक्कम नाही. त्यातही शेव-फरसाणाचं मीठ पावलांनी निघत नाही. त्याऐवजी मला तुम्ही न लिहिलेल्या दोन गोष्टी जाणून घ्यायला आवडेल. झोपेत मोठ्याने घोरता का, आणि मध्येच श्वास थांबल्यासारखं होतं असं घरचे सांगतात का? तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा. रात्रभर असा कोंडणारा श्वास रक्तदाब वाढवतो, आणि सकाळी तो घड्याळात दिसत नाही.

प्रश्न : आमची आजी ओढत नाही, चघळत नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. डॉक्टर तीही सोडा म्हणतात. दातांचा आणि लकव्याचा काय संबंध?
– सांगोला

उत्तर : मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू, हे आजीला माहीत आहे. पण तिच्या लेखी ते दंतमंजन आहे. हिरड्यांची त्वचा पातळ, खाली रक्तवाहिन्यांचं जाळं. तिथे मिश्री घोळवली की निकोटिन मिनिटांत रक्तात उतरतं, नाडी आणि रक्तदाब चढतात. दिवसातून दोनदा असं लिहिलंय तुम्ही. बारकाईने पाहा, पाच-सहादा निघेल, कारण मिश्री लावल्याशिवाय सुचत नाही. ते व्यसनच, फक्त त्याला धूर नाही. आपल्या देशासह आशियातल्या अभ्यासांत अशी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये स्ट्रोकने मृत्यू जास्त आढळले आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मिश्री मात्र चुलीवर घरीच भाजली जाते, तिच्यावर कोण बंदी घालणार? आजीवर ओरडू नका. एकेक वेळ कमी करत न्या, आणि सुरुवात दुपारच्या मिश्रीपासून करा. सकाळची सगळ्यांत शेवटी सुटते.

प्रश्न : आंघोळीला पहिला तांब्या डोक्यावर घेतला तर पक्षाघात होतो, पायांपासून सुरुवात करावी, असा मेसेज फिरतोय.
– तीन वाचकांकडून

उत्तर : हा मेसेज मलाही माझ्या काकांनी पाठवला, दोनदा. पहिला तांब्या डोक्यावर घेतल्याने स्ट्रोक होतो याला आधार नाही. त्यात खऱ्याचा एक कण आहे तो असा. स्ट्रोक सकाळच्या वेळी जास्त होतात, थंडीत रक्तदाब चढतो, आणि सकाळी सगळेच आंघोळ करतात. माणूस न्हाणीघरात पडलेला सापडतो आणि आरोप तांब्यावर येतो. काकांना मी उलट विचारलं, बीपी शेवटचं कधी मोजलं? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

प्रश्न : लकवा झालेल्याला पारव्याचं मटण दिलं की अंगात ऊब येते आणि हात-पाय सुटतात. आमच्या गावात दोघे तसे बरे झाले. यात काय तथ्य?
– परभणी जिल्हा

उत्तर : दोघे बरे झाले हे मी खरं मानतो. स्ट्रोकनंतर मेंदू स्वतःची डागडुजी करतो, आणि सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होतो. व्यायाम नीट करून घेतला तर अधिक. नेमक्या त्याच तीन महिन्यांत पारवा शिजवला जातो, म्हणून श्रेय त्याला. दोन गोष्टी मात्र सांगतो. स्ट्रोकनंतर अनेकांना नीट गिळता येत नाही. अशा माणसाला मटणच काय, रस्सा भरवला तरी तो श्वासनलिकेत जाऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांनी गिळणं तपासल्याशिवाय काही भरवू नका. आणि दुसरी, पारवा शोधण्यात पहिला दिवस घालवू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं ते साधारण साडेचार तासांच्या आत, आणि त्याआधी गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅन करून पाहावं लागतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यांतलं एक जरी दिसलं तरी किती वाजलेत ते पाहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. पारव्याला धाब्यावर घुमू द्या.